टकरींची प्रयोगशाळा वजनावर विकू नका: आपल्या शिक्षणसंस्थेच्या कार्यकारी मंडळास खुले पत्र

सन्माननीय अध्यक्ष व कार्यकारी मंडळाचे सर्व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मंडळाने गेल्या महिन्यात मंजूर केलेल्या ठरावाची प्रत मला विभागातील एका जुन्या सहकाऱ्याने वाचायला दिली. भौतिकशास्त्र विभागाच्या मागच्या बाजूची अणु-रेणू टकरींची प्रयोगशाळा येत्या सत्रापासून बंद करावी, तिथले ‘कालबाह्य व निरुपयोगी’ सामान वजनावर विकून टाकावे, खोली संगणक कक्षाला जोडावी आणि एम. एस्सी.च्या शेवटच्या सत्रात याच विषयावर शिकवला जाणारा वैकल्पिक पेपर विद्यार्थीसंख्येअभावी थांबवावा, असे त्यात म्हटले आहे. प्रयोगांची उणीव भासू नये म्हणून तेच प्रयोग संगणकाच्या पडद्यावर आभासी स्वरूपात करून घेतले जातील, असेही एक वाक्य शेवटी आहे. मी हा ठराव तीन वेळा वाचला. त्यात विभागातील एकाही शिक्षकाचे मत नोंदवलेले नाही, आणि त्या खोलीत नेमके काय चालते याची कोणी चौकशी केल्याची खूण कुठेही नाही. म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. संस्थेचे नाव मी मुद्दाम घातलेले नाही. ज्यांनी निर्णय घेतला त्यांना ते सांगण्याची गरज नाही, आणि इंदूरच्या इतर मराठी वाचकांनी हे एका संस्थेचे उणेदुणे म्हणून वाचू नये, आपल्या मुलांना विज्ञान कसे शिकवले जावे हा प्रश्न म्हणून वाचावे, अशी माझी इच्छा आहे.

मी या विभागात 29 वर्षे शिकवले आणि निवृत्त होऊन मला सहा वर्षे झाली. रुजू झाले तेव्हा ती खोली म्हणजे मोडक्या बाकांची अडगळ होती. एका बंद पडलेल्या कारखान्याकडून संस्थेला मिळालेला, हवा ओढून काढणारा रोटरी पंप कोपऱ्यात पडून होता आणि त्यातले तेल डांबरासारखे घट्ट झाले होते. वर्कशॉपमधले आमचे मेकॅनिककाका आणि मी, आम्ही दोघांनी दिवाळीची अख्खी सुट्टी तो पंप उघडून साफ करण्यात घालवली. निर्वात कक्षाचे, म्हणजे ज्यातली हवा काढून टाकायची त्या पेटीचे, झाकण सांवेर रोडवरच्या एका लेथवर करून घेतले. हवा आत शिरू न देणारी ओ-रिंग ही रबरी कडी बसवायच्या खाचेत एक ओरखडासुद्धा चालणार नाही, हे तिथल्या कारागिराला पटवताना काकांनी डोळे मिटून अंगठ्याच्या नखाने ती खाच गोल फिरून चाचपली आणि एका जागी थांबून म्हणाले, ‘इथं.’ कारागिराने भिंग लावून पाहिले, तर ओरखडा तिथेच होता. पुढे पंप जोडला तेव्हा दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा अर्ध्यावर येऊन अडला आणि गळती शोधण्यात अकरा दिवस गेले. एकेका जोडावर पिचकारीने ॲसिटोन सोडायचा, काटा हलतो का ते पाहायचे, आणि पुढच्या जोडाकडे जायचे. शेवटी ती सापडली फिलामेंटच्या, म्हणजे तापून इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या तंतूच्या, तारा आत नेणाऱ्या काचेच्या जोडात, केसाएवढ्या तड्यात. काका आता नाहीत. ठरावातला ‘निरुपयोगी’ हा शब्द वाचताना मला प्रथम त्यांचा तो अंगठा आठवला, हे मी लपवत नाही. मात्र हे पत्र आठवणींपोटी लिहिलेले नाही.

हा विषय काय आहे, हे मंडळातील ज्या सदस्यांचा भौतिकशास्त्राशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगते. अणू इतका लहान असतो की त्याच्या आत डोकावण्याचा सर्वांत जुना आणि आजही सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे त्याच्यावर काहीतरी मारणे आणि ते कुठे, किती वेगाने बाहेर पडते हे मोजणे. मँचेस्टरमध्ये 1909 साली गायगर आणि मार्सडेन यांनी सोन्याच्या पातळ पत्र्यावर अल्फा कण (किरणोत्सर्गी पदार्थातून निघणारे जड, धनभारित कण) सोडले आणि त्यांतले काही थोडे चक्क मागे फिरलेले त्यांना दिसले. त्यावरूनच रदरफर्ड यांनी 1911 मध्ये अणूला केंद्रक असते हे मांडले. त्या वेळी मार्सडेन वीस वर्षांचा होता आणि त्याची पदवीसुद्धा पूर्ण झालेली नव्हती. पुढे 1914 मध्ये फ्रांक आणि हर्ट्झ यांनी पाऱ्याच्या वाफेतून इलेक्ट्रॉन पाठवले. इलेक्ट्रॉनची ऊर्जा 4.9 इलेक्ट्रॉनव्होल्ट (एका व्होल्टने ढकललेल्या इलेक्ट्रॉनला मिळते ती ऊर्जा म्हणजे एक इलेक्ट्रॉनव्होल्ट) होईपर्यंत तो पाऱ्याच्या अणूंवर आदळून जवळपास तेवढ्याच ऊर्जेने पुढे जातो, आणि 4.9 ला पोचला की ती ऊर्जा अणूला देऊन टाकतो, असे त्यांना आढळले. अणू ऊर्जा ठरावीक हप्त्यांतच घेतो, याचा तो थेट पुरावा होता. मात्र आपण नेमके काय मोजले, हे त्या दोघांना तेव्हा उमगले नव्हते. अणूतून इलेक्ट्रॉन सुटतो आहे, असे त्यांना वाटले. बोर यांच्या आदल्याच वर्षीच्या अणुरचनेच्या सिद्धांताशी त्या आकड्याची सांगड बसली तेव्हा खरा अर्थ लागला. या दोघांना 1925 चे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रयोग करणाऱ्यांना अर्थ सापडला नाही आणि सिद्धांत मांडणाऱ्याजवळ मोजमाप नव्हते; दोन्ही एकत्र आले तेव्हाच काम झाले. या विषयाचा स्वभावच असा आहे, आणि माझ्या सगळ्या हरकती याच मुद्द्यावरून निघतात.

ठराव म्हणतो की सामान कालबाह्य आहे. हवेच्या नेहमीच्या दाबाला एक रेणू दुसऱ्यावर आदळण्याआधी सरासरी 70 नॅनोमीटरच्या आसपास अंतर जातो आणि एका सेकंदात काही अब्ज वेळा आदळतो. त्या गर्दीतून एकच टक्कर वेगळी काढून पाहायची, तर आधी हवा इतकी विरळ करावी लागते की रेणूला वाटेत कोणी भेटणारच नाही. दाब वातावरणाच्या एक अब्जांशावर आणला की हे अंतर काही दहा मीटरांवर जाते. रोटरी पंप आणि त्याच्या पाठबळावर, तापलेल्या तेलाच्या वाफेने हवा खेचणारा डिफ्यूजन पंप यांच्या जोडीने आमच्या कक्षात हे साधते. आजच्या मोठ्या प्रयोगशाळांत वेगाने फिरणाऱ्या पात्यांचे टर्बो पंप वापरतात, ते जास्त स्वच्छ असतात, हे खरे. पण निर्वात म्हणजे काय, तो कसा तयार होतो, वीज अचानक गेली तर पंपाचे तेल उलटे कक्षात चढू नये म्हणून कोणती झडप आधी बंद करायची, हे या जुन्या पंपावर जेवढे नीट शिकता येते तेवढे बटण दाबून चालणाऱ्या यंत्रावर येत नाही. आणि याच इंदुरात, सुखनिवासच्या परिसरात, राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राच्या इंडस-2 या यंत्रात 2.5 अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे इलेक्ट्रॉन 172.5 मीटर परिघाच्या कड्यात सेकंदाला सतरा लाखांहून अधिक फेऱ्या मारतात. ते तासन्‌तास टिकून राहावेत यासाठी त्या कड्यात अतिउच्च निर्वात राखावा लागतो, कारण उरलेल्या वायूच्या रेणूंशी होणारी प्रत्येक टक्कर इलेक्ट्रॉनांच्या झोताचे आयुष्य कमी करते. शहराच्या एका टोकाला देशातले एवढे मोठे यंत्र याच ज्ञानावर उभे असताना दुसऱ्या टोकाच्या महाविद्यालयाने तेच ज्ञान कालबाह्य ठरवावे, हे मला पटत नाही.

दुसरी हरकत आभासी प्रयोगांना आहे, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते, म्हणून तिच्याविषयी जरा सविस्तर लिहिते.

आमच्या प्रयोगशाळेत दरवर्षी एक प्रयोग हमखास होत असे. जुन्या इलेक्ट्रॉनिक यंत्रांत वापरली जाणारी, झेनॉन वायू भरलेली, अंगठ्याएवढी एक काचेची नळी घ्यायची. तिला थायरट्रॉन म्हणतात. तिच्यातल्या तापलेल्या कॅथोडमधून निघणाऱ्या इलेक्ट्रॉनांना दिलेले व्होल्टेज शून्यापासून हळूहळू वाढवत न्यायचे आणि पलीकडच्या पट्टीवर, म्हणजे प्लेटवर, किती प्रवाह पोचतो ते मोजायचे. व्होल्टेज वाढले की प्रवाह वाढावा, अशी सगळ्यांची अपेक्षा असते. तो वाढतो, एक व्होल्टच्या आसपास एक टेकडी होते आणि मग तो चक्क खाली येतो. नंतर नळीचे टोक द्रव नायट्रोजनमध्ये बुडवले की आतला झेनॉन गोठून काचेवर बसतो. मोजमाप पुन्हा करावे, तर टेकडी नाहीशी झालेली असते आणि आलेख सरळ चढत जातो. म्हणजे ती टेकडी झेनॉनच्या अणूंमुळे होती. त्या एका ऊर्जेच्या आसपास इलेक्ट्रॉनला झेनॉनचा अणू जणू दिसतच नाही, तो न अडखळता त्यातून पार होतो. राम्साउअर यांनी 1921 मध्ये आर्गॉनमध्ये ही गोष्ट पाहिली, ऑक्सफर्डला टाउनसेंड आणि बेली यांनाही त्याच सुमारास ती दिसली, आणि तेव्हाच्या कोणत्याही सिद्धांतात ती बसत नव्हती. इलेक्ट्रॉन लहरीसारखा वागतो, हे डी ब्रॉय्ल यांनी त्यानंतर मांडले. लहरींच्या गणिताने या पारदर्शकतेचे स्पष्टीकरण दशकाच्या शेवटी मिळाले. आधी मोजमाप आले आणि सिद्धांत त्याच्यामागून आला.

या प्रयोगासाठी लागणारा द्रव नायट्रोजन आम्ही पशुपैदास केंद्राकडून मागून आणत असू, कारण कृत्रिम रेतनासाठी त्यांच्याकडे तो नेहमी असतो. एका वर्षी देवासहून रोज बसने येणारी एक विद्यार्थिनी हा प्रयोग करत होती. तिच्या आलेखातली टेकडी पुस्तकातल्या जागेपासून काही दशांश व्होल्ट सरकलेली होती. तिने मीटर बदलला, तारा बदलल्या, ओळीने तीन संध्याकाळी तोच प्रयोग केला, आणि टेकडी प्रत्येक वेळी सरकलेल्या जागीच आली. चौथ्या दिवशी ती माझ्याकडे आली आणि तिने विचारले, ‘मॅडम, कॅथोड एका धातूचा आणि प्लेट दुसऱ्या धातूची आहे, मग आपण जे व्होल्टेज वाचतो तेच इलेक्ट्रॉनला मिळते असे कशावरून?’ दोन वेगळ्या धातूंमधला हा स्पर्शविभव (धातू जोडले की आपोआप पडणारा व्होल्टेजचा फरक) तिने मग स्वतः वेगळा मोजला, आकडा दुरुस्त केला आणि टेकडी जागेवर आली. मी तिला काहीही सांगितले नव्हते. पडद्यावरच्या प्रयोगात हा प्रश्न तिला पडलाच नसता, कारण तिथल्या नळीला कॅथोड नाही, प्लेट नाही आणि धातूही नाहीत. कार्यक्रम लिहिणाऱ्याने स्पर्शविभव त्यात घातला नसेल, तर तो तिथे असूच शकत नाही. आभासी प्रयोग आपल्याला आधीच ठाऊक असलेलेच परत दाखवतो. निसर्ग तसा बांधलेला नाही, आणि हा फरक मुलांना एकदा तरी हाताने कळला पाहिजे.

असेच दुसरे उदाहरण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचे. 10 इलेक्ट्रॉनव्होल्टचा इलेक्ट्रॉन त्या क्षेत्रात साधारण पाव मीटर त्रिज्येच्या वर्तुळात वळतो. आमचा कक्षच तेवढ्या रुंदीचा असल्यामुळे सुरुवातीला सरळ सोडलेला झोत इलेक्ट्रॉन गोळा करणाऱ्या समोरच्या कपात पोचेचना. काकांनी लाकडी चौकटींवर तांब्याची तार गुंडाळून कक्षाभोवती वेटोळी बसवली आणि त्यांतून प्रवाह सोडून पृथ्वीचे क्षेत्र तेवढ्या जागेपुरते रद्द केले. ती वेटोळी ठरावासोबतच्या यादीत ‘तांब्याची तार, जुनी’ या नोंदीखाली आली आहेत.

मी संगणकाच्या विरोधात आहे, असा कृपया अर्थ काढू नये. या विषयाला सिद्धांताची आणि गणनाची जेवढी गरज आहे तेवढी पदार्थविज्ञानाच्या फार थोड्या शाखांना असेल. माक्स बोर्न यांनी 1926 मध्ये लिहिलेला एक निबंध टकरींवरच होता. आदळून बाहेर पडणाऱ्या लहरीचा अर्थ काय, हे शोधताना ती लहर संभाव्यता सांगते, हे त्यांच्या ध्यानात आले. आणि ती संभाव्यता लहरीच्या वर्गाच्या प्रमाणात असते ही दुरुस्ती त्यांनी मुद्रिते तपासताना तळटीपेत घातली. त्या विचारासाठी त्यांना 1954 चे नोबेल मिळाले. (हेच बोर्न 1935-36 मध्ये रामन यांच्या निमंत्रणावरून बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत काही महिने राहिले होते, हे आमच्या विद्यार्थ्यांना सांगताना मला नेहमी विशेष आनंद वाटे.) म्हणजे क्वांटम सिद्धांताचा आज प्रत्येक पाठ्यपुस्तकात असलेला अर्थ टकरींच्या अभ्यासातून आला. आणि तरीही हायड्रोजनच्या अणूवर एक इलेक्ट्रॉन आदळून दुसरा बाहेर पडणे, या सर्वांत साध्या टकरीचे पूर्ण गणित सुटायला 1999 साल उजाडावे लागले. बाहेर पडणारे दोन इलेक्ट्रॉन आणि मागे उरलेला प्रोटॉन हे तिघे एकमेकांना सतत ओढत-ढकलत राहतात, कितीही दूर गेले तरी, ही त्यातली अडचण होती. अमेरिकेतील संशोधकांनी महासंगणकावर ती उकल केली आणि प्रयोगशाळेत मोजलेल्या आकड्यांशी ताडून पाहिली. म्हणून माझे मागणे असे आहे की संगणक त्या खोलीच्या शेजारी असावा, तिच्या जागी नसावा. सकाळी मोजलेला आर्गॉनचा आलेख दुपारी स्वतः लिहिलेल्या गणिताशी जुळवून पाहता आला, तर त्या विद्यार्थ्याला भौतिकशास्त्र कळायला लागले असे मी म्हणेन.

विद्यार्थीसंख्येविषयी. गेल्या वर्षी या वैकल्पिक पेपराला सात विद्यार्थी होते, हे खरे आहे. परंतु पेपर कोणत्या वेळी ठेवला होता, हेही मंडळाने पाहायला हवे होते. स्पर्धापरीक्षेच्या शिकवणी वर्गांची वेळ तीच होती, आणि त्याच तासाला दुसरा, गुण मिळवायला सोपा समजला जाणारा पेपर होता. शिवाय विषयाची उपयुक्तता कोणी मुलांना नीट सांगितली नाही. घरातल्या ट्यूबलाइटमध्ये इलेक्ट्रॉन पाऱ्याच्या अणूंवर आदळतात, त्यातून 253.7 नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश निघतो आणि आतला लेप त्याचे पांढऱ्या उजेडात रूपांतर करतो. फ्रांक आणि हर्ट्झ यांचे 4.9 इलेक्ट्रॉनव्होल्ट ते हेच. कारखान्यांत पत्रा कापायला वापरला जाणारा कार्बन डायऑक्साइड लेझर 1964 मध्ये बेल प्रयोगशाळेत कुमार पटेल यांनी तयार केला. त्यांचा जन्म बारामतीचा आणि अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्याचे. त्या लेझरात इलेक्ट्रॉन आधी नायट्रोजनच्या रेणूवर आदळून त्याला कंप पावायला लावतात, आणि नायट्रोजन ती ऊर्जा टकरीतून कार्बन डायऑक्साइडला देतो. इलेक्ट्रॉनची ऊर्जा 2 इलेक्ट्रॉनव्होल्टच्या थोडी पुढे असली की तो क्षणभर नायट्रोजनच्या रेणूला चिकटतो, त्यामुळे हे काम इतके चांगले होते. हा बारकावा टकरींच्या मोजमापांतूनच कळला. कॅनडातल्या शेरब्रूक येथील संशोधकांनी 2000 साली दाखवून दिले की 3 ते 20 इलेक्ट्रॉनव्होल्ट एवढ्या मंद इलेक्ट्रॉनांनीही डीएनएचे धागे तुटतात. कर्करोगावर किरणोपचार करताना शरीरात असे मंद इलेक्ट्रॉन हजारोंच्या संख्येने निर्माण होतात. पिथमपूरच्या कारखान्यात निर्वात लेपनाचे काम करणारा आमचा एक विद्यार्थी मला आजही फोन करून गळतीविषयी विचारतो. हे सगळे सांगूनही सातच मुले आली असती, तर गोष्ट वेगळी होती. पण ते सांगितलेच गेले नाही.

आणखी एक बाब मला फार लागली. कपाटातल्या 23 प्रयोगवह्या, ज्यांत 1990 च्या दशकापासूनची रोजची मोजमापे, पंपाच्या दुरुस्त्या आणि प्रत्येक विद्यार्थ्याच्या चुका व त्यांच्या दुरुस्त्या तारखेनिशी लिहिलेल्या आहेत, त्या रद्दीच्या यादीत घातल्या आहेत. या वह्यांची वजनावर किंमत शंभर-दोनशे रुपये होईल. त्यांच्याशिवाय ते यंत्र दुसऱ्या कोणाला चालवता येणार नाही.

मंडळाचे एक म्हणणे मात्र मला पूर्ण मान्य आहे. जुन्या मॅक्लॉइड गेजमधला पारा विद्यार्थ्यांच्या आसपास ठेवणे योग्य नाही, आणि आम्ही तो यापूर्वीच हलवायला हवा होता. गेल्या काही वर्षांत प्रयोगशाळा महिनोन्‌महिने बंद राहिली, त्यातही विभागाचा दोष आहे. पंपाचे तेल बदलण्यासाठी मागितलेले पैसे मंजूर झाले नाहीत, पण आम्हीही पाठपुरावा सोडून दिला. हे मी निवृत्त असले तरी माझ्यासकट सर्वांच्या वतीने मान्य करते. पण तो पारा भंगाराच्या गाडीत जाणे हे खोलीत राहण्याहून अधिक धोक्याचे आहे, आणि ठरावाच्या यादीत तो ‘काचेचे सामान’ या एकाच ओळीत आला आहे.

यावरून माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत. ठरावाची अंमलबजावणी तूर्त थांबवावी आणि प्रयोगशाळेतील कोणत्याही वस्तूला, वह्यांसह, हात लावला जाऊ नये. विभागातील शिक्षक, प्रयोगशाळा सहायक आणि संस्थेबाहेरील दोन जाणकार यांच्याकडून महिनाभरात त्या खोलीची पाहणी करून घ्यावी आणि कोणती वस्तू चालू आहे, कोणती दुरुस्त होईल, कोणती खरोखर टाकून द्यावी, याचा लेखी अहवाल विभागाला व मंडळाला सादर व्हावा. पारा मात्र त्या अहवालाची वाट न पाहता, घातक पदार्थांच्या विल्हेवाटीची जी रीत आहे तिने, आजच बाहेर काढावा. वैकल्पिक पेपर निदान दोन वर्षे सोयीच्या वेळी चालू ठेवावा. राष्ट्रीय शिक्षण धोरण 2020 प्रमाणे पदवीच्या चौथ्या वर्षी संशोधनाची जी सोय झाली आहे, तिच्यातील विद्यार्थ्यांना ही प्रयोगशाळा खुली करावी. हे धोरण सुरुवातीलाच स्वीकारणाऱ्या राज्यांपैकी मध्य प्रदेश एक आहे, त्याचा आपल्या संस्थेने असा तरी उपयोग करावा. पंपांचे तेल, ओ-रिंग, फिलामेंट आणि द्रव नायट्रोजन यांच्यासाठी दरवर्षी ठरावीक रक्कम अर्थसंकल्पात वेगळी दाखवावी. संगणक कक्षासाठी जागा हवीच असेल, तर पहिल्या मजल्यावरचा, गेली चार वर्षे कुलूप असलेला चित्रकलेचा हॉल विचारात घ्यावा. आणि प्रयोगवह्या रद्दीच्या यादीतून काढून ग्रंथालयात ठेवाव्यात.

या कामात मी स्वतः काय करू शकते, तेही सांगते. पंप उघडून साफ करणे, नव्या सहायकाला गळती शोधायला शिकवणे आणि पेपराचा सैद्धांतिक भाग आठवड्यातून दोन दिवस शिकवणे, हे मी कोणतेही मानधन न घेता करायला तयार आहे. दोन माजी विद्यार्थ्यांनीही सुट्टीच्या दिवशी येण्याचे कबूल केले आहे.

मंडळाची पुढची बैठक होण्याआधी एका रविवारी सर्व सदस्यांनी त्या खोलीत यावे, अशी माझी विनंती आहे. निर्वात तयार व्हायला अडीच तास लागतात, म्हणून मी सकाळी साडेसातला येऊन पंप सुरू करीन. दहा वाजता आपण आलात, तर आर्गॉनची झडप अगदी किंचित उघडून, कपात पोचणारा इलेक्ट्रॉनांचा प्रवाह मीटरवर कसा खाली येतो, हे आपल्याला दाखवता येईल. त्यासाठी खोलीची किल्ली मला एक दिवस आधी, शनिवारी संध्याकाळी, मिळावी.

आपली नम्र,
भौतिकशास्त्र विभागातील एक निवृत्त अध्यापिका
टिळकनगर, इंदूर